जोर कुठे द्यायचा? आघात, मात्रा आणि सम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात संध्याकाळी मी तबला शिकवतो, एकादशीला गल्लीतल्या भजनात टाळ धरतो, आणि कडोली-येळ्ळूरकडची साहित्य संमेलनं जवळ आली की नवकवींच्या वह्या घरी येऊन पडतात. तिन्ही ठिकाणची माणसं वेगळी, पण प्रश्न फिरून तोच: "हितं जोर द्यायचा काय वो?" तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून हे लिहून काढलं. वरून खाली वाचलंच पाहिजे असं नाही. ज्याला जे अडलंय त्यानं ते बघावं.

आघात आणि मात्रा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत का?

वेगळ्या आहेत, आणि निम्मा घोळ इथेच होतो. मात्रा म्हणजे अक्षरावर किती वेळ थांबलात. आघात म्हणजे ते किती दाबून म्हणालात. 'का' म्हणायला 'क'च्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून 'क' लघू (एक मात्रा) आणि 'का' गुरू (दोन मात्रा). गुरू अक्षर अगदी कुजबुजत म्हटलं तरी ते गुरूच राहतं. लघू अक्षर ओरडून म्हटलंत म्हणून ते गुरू होत नाही.

इंग्रजीचं गणित उलट आहे. तिथे शब्दातलं एक अक्षर दाबायचं आणि बाकीची गिळायची. 'बनाना' हा शब्द आपण म्हणतो तेव्हा तिन्ही अक्षरं नीट ऐकू येतात. इंग्रज मधला 'ना' दाबतो आणि कडेची दोन्ही अक्षरं जेमतेम ओठातून सोडतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, पण 'फोटोग्राफर' म्हटलं की तो दुसऱ्यावर सरकतो. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. जोर हलल्यामुळे शब्दाची जात बदलते, असं मराठीत होत नाही. आपल्याला एखाद्या शब्दावर भर द्यायचाच असेल तर आपण त्याच्या शेपटाला 'च' लावतो: मीच गेलो, मी गेलोच. आवाजाचं बरंचसं काम आपल्याकडे एक अक्षर करून टाकतं.

म्हणजे मराठी कवितेत आघाताला काहीच काम नाही?

एका जागी आहे, आणि ती जागा भारी मजेची आहे. शाळेत नियम शिकवतात: जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. 'सत्य'मधला 'स' गुरू, कारण म्हणताना तो 'सत्-त्य' असा होतो, 'स'वर मागून धक्का बसतो. इथपर्यंत ठीक. आता 'तुझ्या' म्हणून बघा. 'तुझ्-झ्या' असं कोणी म्हणतं का? 'तु' सुटा राहतो, त्याच्यावर धक्का येत नाही, म्हणून तो लघूच. 'तुम्ही', 'कुऱ्हाड', 'दुसऱ्या', 'मळ्यात' यांचंही तसंच. वही घेऊन येणाऱ्या दहा नवकवींतले आठ इथे अडकतात, कारण त्यांनी नियम डोळ्यानं पाठ केलेला असतो. जोडाक्षर दिसलं की मागच्या अक्षरावर गुरूची खूण.

माझी आवडती परीक्षा 'पुण्यात' या शब्दाची. 'मुलगा पुण्यात नोकरीला आहे' आणि 'पापपुण्यात त्याला रस नाही' ही दोन वाक्यं मोठ्यानं म्हणा. अक्षरं तीच, शुद्धलेखन तेच. पण शहर असेल तर 'पु-ण्यात', चार मात्रा. पुण्य असेल तर 'पुण्-ण्यात', पाच मात्रा. 'दिव्यात'चंही असंच: दिवा असेल तर 'दि' लघू, दिव्य असेल तर गुरू. कागदावर हा फरक दिसणार नाही, तो कानालाच लागतो. म्हणून लगावली, म्हणजे ओळीतल्या लघू-गुरूंचा क्रम, मांडताना ओठ हलवा. नुसत्या पेन्सिलीवर विसंबू नका.

कन्नड शिकलेल्यांसाठी एक जोड: जुन्या कन्नड छंदशास्त्रातही अशा सैल जोडाक्षराला 'शिथिलद्वित्व' असं नाव आहे. आपल्यापेक्षा त्यांनी बारसं चांगलं केलं. एरवी कन्नड द्वित्व, म्हणजे जोडून आलेलं तेच व्यंजन, भलतंच घट्ट. अक्का, अण्णा हे शब्द आपण तिकडूनच घेतले आणि त्यातला 'अ' कसा दाबून म्हणायचा हे बेळगावच्या पोराला शिकवावं लागत नाही.

वृत्त तालात बसवायचं कसं? एखादं उदाहरण दाखवा.

भुजंगप्रयात घेऊ. मनाच्या श्लोकांमुळे त्याची चाल प्रत्येकाच्या तोंडात असते. चार वेळा य गण, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा ('ल' लघू, 'गा' गुरू). उदाहरणासाठी माझीच एक साधी ओळ घेतो:

सकाळी धुके दाट रानात होते

स-का-ळी, धु-के-दा, ट-रा-ना, त-हो-ते. प्रत्येक गटात एक अधिक दोन अधिक दोन, पाच मात्रा. चार गट, एकूण वीस. पाच म्हटलं की तबलजीला झपताल आठवतो: दहा मात्रा, दोन-तीन-दोन-तीन अशी विभागणी, धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. वीस मात्रा म्हणजे दोन आवर्तनं, तालाच्या दोन फेऱ्या, हिशेब चोख. पण ओळ समेपासून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून, सुरू केलीत तर कुठेतरी खडा लागतो. समेवर येतो 'स', एका मात्रेचं हलकं अक्षर. 'का' दोन मात्रांचा, तो दुसऱ्या मात्रेवर सुरू होऊन विभागाची रेघ ओलांडतो.

आता एवढंच करा: 'स' समेच्या आधी, दहाव्या मात्रेवर म्हणा. मग बघा (ऽ म्हणजे आधीचं अक्षर आणखी एक मात्रा लांबवणं),

(स) | का ऽ | ळी ऽ धु | के ऽ | दा ऽ ट | रा ऽ | ना ऽ त | हो ऽ | ते ऽ (पुढचा लघू)

प्रत्येक विभाग गुरूनं उघडतो. दोनात एक गुरू, तिनात एक गुरू आणि एक लघू. आणि ओळीच्या शेवटी जी दहावी मात्रा मोकळी राहते, ती पुढच्या ओळीच्या पहिल्या लघूसाठीच ठेवल्यासारखी. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी क्लासची वेळ विसरून अर्धा तास तेवढंच वाजवत बसलो होतो. बाहेर पोरं चपला काढून उभी.

यातून कळतं ते असं: वृत्त तुम्हाला फक्त लांबी देतं. कुठलं अक्षर ताकदीच्या जागी पडावं ते ताल ठरवतो, आणि दोघांची गाठ कुठे मारायची ते गाणारा ठरवतो.

अभंगात तर लघू-गुरू बघतच नाहीत. मग तो तालात कसा येतो?

बरोबर, अभंग आणि ओवी हे अक्षरांची संख्या पाळणारे छंद. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. अक्षर ऱ्हस्व आहे की दीर्घ, हे छंद विचारत नाही. ती मोकळीक गाणाऱ्याला मिळते, आणि तिच्याबरोबर डोकेदुखीही. पुन्हा घरचंच उदाहरण:

पावसाची झड / कौलांवर पडे / गाव सारे दडे / घरोघरी

आठ मात्रांच्या केरव्यात पहिला चरण सहज बसतो: पा ऽ व सा | ची ऽ झ ड. दोन अक्षरं लांबवली, सहाची आठ झाली. आता तीच चाल डोळे झाकून दुसऱ्या चरणाला लावली तर काय होतं? कौ ऽ लां व | र ऽ प डे. 'वर' मधोमध चिरला आणि पाचव्या मात्रेच्या ठोक्यावर एकटा 'र' येऊन बसला. ऐकणाऱ्याला 'कौलांव' आणि 'रपडे' असे दोन अनोळखी पाहुणे भेटतात. आमच्या मंडळातल्या म्हाताऱ्या मामांना लगावली वगैरे काही ठाऊक नाही, पण ते असं कधीच म्हणणार नाहीत. ते म्हणतील: कौ लां व र | प ऽ डे ऽ. 'प' लघू आहे, तरी खुशाल दोन मात्रा ताणतील, कारण शब्द अखंड राहतो. माझ्या मते भजनात हाच निवाडा योग्य. मात्रेशी थोडी लबाडी चालते, शब्द मोडलेला चालत नाही.

शब्द मोडला तर खरंच एवढं बिघडतं का?

माझीच फजिती सांगतो. तरुणपणी गणपतीत देवीवर एक पद बांधलं होतं. त्यात ओळ होती, 'आई दे वरदान'. 'दे' बरोबर समेवर आणला, आणि चालीच्या नादात 'वर' त्याला चिकटवून मग श्वास घेतला. आई देवर... दान. हिंदी सिनेमे बघणाऱ्या बायका पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. मागून एकजण म्हणाला, "काय वो, दीर दान करायलात काय?" त्यानंतर दोन वर्षं मला त्याच नावानं हाक मारत होते.

आम्ही लिहिताना सहा अक्षरं मोजतो, पण बोलताना चारच ऐकू येतात. असं का?

कारण मराठी बोलताना आपण 'अ' गिळतो. 'पावसाची झड' हे लिहिताना सहा, बोलताना पाव्-सा-ची-झड् असे चारच तुकडे. अभंग मात्र लिहिलेल्या अक्षरांवर उभा आहे, म्हणून गाताना शेवटचा 'अ'ही उच्चारायचा: पा-व-सा-ची-झ-ड. नवीन पोरं 'झड्' असं तोडतात आणि मग एक मात्रा रिकामी पडली म्हणून आलाप भरतात.

इथे सीमाभागाचा एक फायदा आहे. कन्नड शब्द सहसा स्वरावर संपतात आणि तो स्वर स्वच्छ ऐकू येतो. 'मर' म्हणजे झाड, पण ते 'मर्' नव्हे, शेवटचा 'अ' पुरा. त्यामुळे घरात कन्नड बोलणारा माणूस आमच्या भजनात बसला की अभंगाची अक्षरं आपोआप पुरी भरतो. गदगकडचे भीमसेन जोशी मराठी अभंग आणि कन्नड दासपदं दोन्ही गायचे. त्यांच्या अभंगात शब्दाच्या शेवटी 'अ' कसा उभा राहतो, ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे.

कन्नड पद देवनागरीत लिहून घेतलं की गाताना ताल का चुकतो?

हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी सोडून दुसरीकडे कोणी विचारत असेल असं वाटत नाही. उत्तर दोन अक्षरांत आहे: ए आणि ओ. मराठीत हे दोन्ही नेहमी दीर्घ, नेहमी गुरू. कन्नडात त्यांची ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत, आणि लिपीतही वेगवेगळी अक्षरं. 'केरे' म्हणजे तळं. यातले दोन्ही 'ए' ऱ्हस्व, म्हणून कन्नडात दोनच मात्रा. आपण देवनागरीत 'केरे' लिहितो आणि चार मात्रा ओढतो. 'कोडु' ऱ्हस्व 'ओ'नं म्हटलं तर 'दे', दीर्घानं म्हटलं तर 'शिंग'. देवाकडे काय मागताय ते जरा बघून म्हणा.

आपल्या गावाचंच नाव घ्या. मराठीत 'बेळगाव' लिहिलं की दोन-एक-दोन-एक, सहा मात्रा. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारदरबारी जे 'बेळगावी' झालं, त्यातला 'बे' कन्नडात ऱ्हस्व आणि शेवटचा 'वि'ही ऱ्हस्व: एक-एक-दोन-एक, पाच मात्रा. नावावरून काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मला त्यात पडायचं नाही. पण तबल्यावर ही दोन नावं वेगवेगळ्या ठेक्यात पडतात एवढं खरं.

उपाय सोपा. पद लिहून घेताना ज्या 'ए' किंवा 'ओ'वर म्हणणारा थांबत नाही, त्याच्या डोक्यावर मी पेन्सिलीनं ठिपका देतो. वही बदलली तरी ठिपके उतरवून घ्यायचे. आणि यमक शेवटी शोधत बसू नका. जुन्या कन्नड पद्यात ते ओळीच्या दुसऱ्या अक्षरात असतं. ते अक्षर सापडलं की ओळ कुठून सुरू होते ते आपोआप कळतं.

भामिनी षट्पदी म्हणजे काय? ती रूपक तालात म्हणता येते का?

सहा ओळींचा कन्नड छंद. जुन्या कन्नड कवी कुमारव्यासाचं महाभारत याच छंदात आहे. एक, दोन, चार आणि पाच या ओळींत तीन-चार-तीन-चार अशा मात्रा. तिसरी आणि सहावी ओळ लांब: तीन-चारचा जोड तीनदा आणि शेवटी एक गुरू. तीन अधिक चार म्हणजे सात, आणि रूपकाची विभागणी तीन-दोन-दोन. त्यामुळे हो, झकास बसते. लांब ओळींच्या शेवटच्या गुरूनंतर उरलेलं आवर्तन भरून काढायला लागतं, तिथे तबलजीला हात मोकळा करायची संधी द्या.

सम म्हणजे सगळ्यात जोराचा ठोका ना?

नाही. सम म्हणजे परत येण्याची जागा. गाणारा फिरून फिरून मुखड्याच्या ज्या अक्षरावर उतरतो ती. तिथे बहुतेकदा जोर असतो, पण जोर आहे म्हणून ती सम नव्हे. पुरावा रूपकात आहे: ती ती ना | धी ना | धी ना. सम पहिल्या 'ती'वर आणि तिथे डग्गा (जोडीतला घुमणारा, डाव्या हाताचा) गप्प. समेवरच खाली! सगळी वजनदार बोलं चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर. सम म्हणजे दणका असं धरून शिकलेला मुलगा रूपकात पहिल्या आठवड्यात चौथीलाच सम समजून बसतो. मीही बसलो होतो.

मग खाली म्हणजे हलकी मात्रा?

खाली म्हणजे डग्ग्याचा घुमारा काढून घेणं. टाळी देताना तिथे हात मोकळा सोडतात. त्रितालात खाली नवव्या मात्रेवर दाखवतात, पण ठेका नीट म्हणा: धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा. नवव्या मात्रेवर 'धा'च आहे. डग्गा गप्प होतो तो दहा ते तेरा, आणि चौदाव्या मात्रेला 'धिं'नं परत येतो, म्हणजे समेच्या तीन मात्रा आधी. त्या परतण्यामुळेच समेची चाहूल लागते. गाणारा डोळे मिटून असला तरी त्याला कळतं की घर जवळ आलं. सगळे ठोके एकाच वजनानं वाजवणाऱ्या मोबाईलवरच्या तबल्यात हेच हरवतं. लय पक्की करायला तो ठीक आहे, तालाची ओळख व्हायला नाही.

कर्नाटकी संगीतातला लघू आणि कवितेतला लघू एकच का?

नाव एक, वस्तू दोन. कवितेतला लघू म्हणजे एक मात्रा. कर्नाटकी तालातला लघू म्हणजे एक टाळी आणि मग बोटांची मोजणी. आदितालात तो चार मात्रांचा, त्यापुढे दोन-दोन मात्रांचे दोन द्रुतम्, एकूण आठ. आपल्या भागात मात्र कान हिंदुस्तानी पद्धतीचाच आहे. कुमार गंधर्वांचा जन्मही इथलाच, सुळेभावीचा, १९२४ सालचा.

ढोल-ताशा, लेझीम, चौंडकं यांत आघात कुठे शोधायचा?

ढोलात शोधावा लागतच नाही, छातीत ऐकू येतो. ताशा मधली जागा बारीक ठोक्यांनी भरून काढतो, ढोल खांब रोवतो. लेझमीत पाऊल आणि झांजांचा आवाज एकाच वेळी पडला पाहिजे, एवढंच. यल्लम्माच्या चौंडक्याची गोष्ट निराळी: ते काखेत धरतात, तार ताणून-सैल करून छेडतात, त्यामुळे ठोक्याला जोराबरोबर चढउतारही असतो. सौंदत्तीच्या वाटेवर 'उदं गं आई'ची आरोळी उठते तेव्हा 'उदं'मधला 'दं' किती लांबवायचा ते कुठलंच शास्त्र सांगत नाही. तो दम असेल तितका.

मुलं इंग्रजी माध्यमात आहेत. इंग्रजी कविता म्हणताना ती सपाट का वाटते?

कारण मुलं ती मराठी किंवा कन्नडासारखी, प्रत्येक अक्षराला सारखा मान देऊन म्हणतात. इंग्रजी ओळीत हलकं-जड, हलकं-जड अशी पावलं असतात. तशी पाच पावलं आली की तिला आयंबिक पेंटामीटर म्हणतात. मुलांना चालत चालत म्हणायला लावा, जड अक्षरावर पाय आपटायचा. दोन दिवसांत फरक पडतो. गाइडमध्ये 'आयंब म्हणजे आपला लगा' असं लिहिलेलं असतं. तेवढं खोडून टाका. तिथे वजन आहे, इथे लांबी. लगा बरोबर मोजूनही ओळ इंग्रजी कानाला लंगडी लागू शकते.

मुक्तछंद लिहितो. मला हे सगळं कशाला?

लिहा की. पण मोठ्यानं वाचून बघा. एखाद्या ओळीत सलग सात-आठ लघू आले तर जीभ धावते, सलग गुरू आले तर ती बैलगाडीसारखी चालते. हे मुद्दाम केलं असेल तर उत्तम.

तालात बोलण्याचा सराव कुठून सुरू करू?

घरातल्या नावांपासून. प्रत्येक नावाच्या मात्रा मोजा, मग केरव्यात टाळी देत म्हणा. माझ्याकडे पहिल्या दिवशी पोरं आपापली गावं घेऊन येतात: खा-ना-पूर सात मात्रा, नि-पा-णी पाच, आणि शहापूरचा मुलगा कायम विचारतो की 'ह' धरायचा की सोडायचा. बोलताना तो 'शापूर' म्हणतो. लिहिताना सहा, बोलताना पाच. मी त्याला म्हणतो, गाताना धर, बसच्या कंडक्टरला सांगताना सोड.